सुटकेचं श्रेय देवाच्या नावावर मांडू नका

ऑगस्ट 2025 मध्ये ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर गेले आणि 1972 च्या त्यांच्या पलायनाची गोष्ट पुन्हा घरोघरच्या मोबाइलवर पोचली. रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून तीन भारतीय वैमानिक बाहेर पडले आणि अफगाण सरहद्द काही किलोमीटरवर असताना पकडले गेले, ती ही गोष्ट. आमच्या मीरा-भाईंदरमध्ये पंधरा ऑगस्ट आणि गणपती लागोपाठ येतात. त्या दिवसांत सोसायटीच्या आवारात, मंडळाच्या पडद्यावर, शाळेच्या सभागृहात असे माहितीपट लावले जातात आणि नंतर त्यांच्यावर बोलणंही होतं. त्या बोलण्यात एक मागणी आता फार ठामपणे होऊ लागली आहे. युद्धकैद्यांवरच्या आपल्या माहितीपटांत विमानं असतात, नकाशे असतात, करार असतात, फक्त देव नसतो. कोठडीत माणसाला तारलं ते त्याच्या श्रद्धेनं. परदेशात हे उघडपणे दाखवतात, आपले दिग्दर्शक मात्र लाजतात. म्हणून श्रद्धा मध्यभागी ठेवा, आणि कैदी घरी परतला तो तिच्यामुळे परतला, हे प्रेक्षकाला स्वच्छ कळू द्या.

ही मागणी करणारी माणसं भली आहेत. त्यांपैकी काही माझ्या रोजच्या ओळखीची आहेत. माझ्या घरीही देव्हारा आहे आणि संध्याकाळी त्यात दिवा लागतो. तरीही ही मागणी मला चुकीची वाटते, आणि तिचा शेवटचा भाग तर अन्यायाचा वाटतो. एवढ्यासाठीच तिला नीट उत्तर द्यायला हवं.

श्रद्धा गाळू नये, इथपर्यंत माझं त्यांच्याशी भांडण नाही. कैदेत माणसाचं सगळं काढून घेतात. गणवेश, घड्याळ, पत्रं, दिवसाचा हिशेब, काहीच उरत नाही. अशा वेळी पाठ असलेलं एखादं स्तोत्र, ठरल्या वेळची नमाज, बायबलातली आठवणारी चार वाक्यं यांना मोठं मोल येतं. 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं चौतिसावं कलम कैद्यांना धर्माचरणाची पूर्ण मोकळीक देतं, छावणीची शिस्त पाळण्याच्या अटीवर. पस्तिसावं कलम कैदेत सापडलेल्या धर्मगुरूंबद्दल आहे. अन्नाच्या कलमात कैद्याच्या नेहमीच्या खाण्याचा विचार करायला सांगितलं आहे. दोन महायुद्धं पाहिलेल्या लोकांनी हे लिहून ठेवलं, कारण छावणीत धर्म किती खोलवर काम करतो हे त्यांना ठाऊक होतं. फेब्रुवारी 1971 मध्ये हॅनोईच्या तुरुंगातल्या अमेरिकी कैद्यांनी एकत्र प्रार्थना केली, पहारेकऱ्यांनी म्होरक्यांना उचलून नेलं, तेव्हा मागे राहिलेल्यांनी गळा फोडून गाणी म्हटली. अशा गोष्टी कापून टाकणारा दिग्दर्शक आपल्याच विषयाशी खोटं वागतो.

पण श्रद्धा दाखवायची म्हणजे काय दाखवायचं? इथून आमचे रस्ते वेगळे होतात. मागणी करणाऱ्यांच्या मनात एक ठरलेलं चित्र आहे. अंधारी कोठडी, हात जोडलेला कैदी, मागे घंटानाद, आणि पुढच्या दृश्यात वाघा सीमेच्या फाटकातून आत येणारा हार घातलेला माणूस. घडलेल्या गोष्टी या चित्रात बसत नाहीत. त्या जास्त अवघड आहेत.

आपल्या मातीतलीच गोष्ट घ्या. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर 1915 मध्ये तुर्की फौजांनी कुतच्या गावात त्यांना वेढलं. वेढा 147 दिवस चालला. धान्य संपत आलं, तेव्हा घोडे आणि खेचरं मारून मांस वाटायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते खाल्लं, हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मप्रमुखांकडून परवानग्या मागवून त्यांना ऐकवल्या गेल्या, तरी ते बधेनात. देव रागावेल ही भीती होतीच, त्याहून मोठी भीती गावाची होती. घोडा खाऊन परतलेल्याच्या घरात मुलगी कोण देईल, पंगतीला कोण बसवील? उपासमार आणि अन्नातल्या कमतरतेनं माणसं खंगत गेली. शेवटी शेवटी अनेकांनी मांस खाल्लं, पण तोवर अंगातली ताकद गेली होती. 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली, आणि त्या खंगलेल्या देहांना वाळवंटातून पायी हाकलत नेऊन बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं गेलं. वाटेत आणि छावण्यांत हजारो मेले. तुर्कांनी कैद्यांमधल्या मुसलमान अधिकाऱ्यांना वेगळं काढलं, त्यांना खलिफाच्या नावानं जवळ करण्याचा प्रयत्न केला.

सातारा-रत्नागिरीकडच्या ज्या घरांतून ही माणसं गेली, त्या घरांची नातवंडं-पतवंडं आज मीरा रोडच्या इमारतींतही राहत असतील. त्यांच्यासाठी कुतवर माहितीपट काढायचा झाला, तर त्यात श्रद्धा पानोपानी येणार. तिनं माणसांना एकमेकांशी बांधून ठेवलं, तिनंच त्यांना उपाशी ठेवलं, तिच्याच नावानं शत्रूनं त्यांच्यात फट पाडायला पाहिली. हे सगळं खरं. त्या चित्रात ‘श्रद्धेनं तारलं’ हे वाक्य कुठे बसवणार? ज्यानं धर्मासाठी मांसाला हात लावला नाही आणि जो रस-अल-ऐनच्या रेल्वे कामावर मेला, त्याची श्रद्धा कोणापेक्षा कमी होती?

त्याच युद्धात बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फमध्ये ‘अर्धचंद्र छावणी’ उभी राहिली. ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांमधले मुसलमान, शीख, हिंदू, गुरखे कैदी तिथे आणि तिच्या आसपास ठेवले. जुलै 1915 मध्ये छावणीत लाकडी मशीद उघडली. सण साजरे करू दिले, खाण्याच्या चालीरीती पाळू दिल्या. कैद्यांना आपल्याच मालकांविरुद्ध उठवून पुन्हा रणांगणावर पाठवायचं, हा जर्मन सरकारचा हेतू होता. त्यासाठी त्यांच्या भाषांत प्रचारपत्रं निघत. जर्मन अभ्यासकांनी या कैद्यांचे आवाजही तबकड्यांवर उतरवून घेतले. त्या आवाजांवर फिलिप शेफनर या जर्मन दिग्दर्शकानं 2007 मध्ये ‘द हाफमून फाइल्स’ हा माहितीपट केला. मल्ल सिंग नावाच्या पंजाबी शिपायाचा 1916 चा आवाज त्यात ऐकू येतो. दिग्दर्शक त्या आवाजावर स्वतःची भावना चढवत नाही, काही ठिकाणी पडदा काळाच ठेवतो आणि फक्त बोलणं ऐकवतो. हा आवाज कोणी, कशासाठी उतरवून घेतला, हा प्रश्न तो सतत जागा ठेवतो. आपल्याकडे श्रद्धेचा माहितीपट मागणाऱ्यांनी हा आवर्जून पाहावा. कैद्याला देऊळ किंवा मशीद बांधून देणाऱ्याच्या मनात काय आहे, हे विचारल्याशिवाय त्या देवळाचं चित्र पूर्ण होत नाही.

आता रावळपिंडीकडे येऊ, कारण मागणीचा सारा भर याच गोष्टीवर आहे. डिसेंबर 1971 च्या युद्धात पकडलेले भारतीय हवाई दलाचे बारा अधिकारी त्या छावणीत होते. कोएल्हो, जाफा, कामत, तेजवंत सिंग, भार्गव, मुल्ला-फिरोज, पेठिया, परुळकर, ग्रेवाल, हरीश सिंहजी, चाटी, कुरुविला. ही बारा नावं एका दमात वाचली तरी हिंदू, शीख, ख्रिस्ती, पारशी सगळे त्यात दिसतात. सुरुवातीचे दिवस प्रत्येकाला एकट्याला कोठडीत काढावे लागले. मग 1971 च्या नाताळाला त्यांना एकत्र आणलं गेलं आणि छावणीचा पाकिस्तानी प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यानं त्यांच्यासाठी केक आणला. बारा जणांतल्या बहुतेकांचा तो सण नव्हता, आणणाऱ्याचाही नव्हता. एवढा एक प्रसंग घेऊन कोणी जाणता दिग्दर्शक पंधरा मिनिटं पडदा धरून ठेवील. कोण काय बोललं, कोणाला घर आठवलं, कोणी तो केक खाताना शत्रूचा म्हणून संकोच केला, हे विचारण्यासारखं आहे. पण ‘आमची श्रद्धा विरुद्ध त्यांची श्रद्धा’ असा माहितीपट हवा असणाऱ्याला हा प्रसंग अडचणीचा वाटणार, आणि तोच गाळला जाणार.

जवाहरलाल भार्गव यांची गोष्टही तशीच. 5 डिसेंबर 1971 ला त्यांचं मारुत विमान सिंधमध्ये पडलं. वाळवंटातून चालताना भेटलेल्या लोकांना त्यांनी आपण पाकिस्तानी हवाई दलाचे मन्सूर अली खान आहोत असं सांगितलं. बराच वेळ ते निभावलं. मग एका पाकिस्तानी रेंजरनं त्यांना कलमा म्हणायला सांगितलं आणि खेळ संपला. भार्गवांनी स्वतः हे मुलाखतींतून मोकळेपणानं सांगितलं आहे. इथे धर्म ओळखपत्रासारखा विचारला गेला. पुढे पळून जाताना परुळकरांनी फिलिप पीटर आणि सिंहजींनी हॅरल्ड जेकब ही ख्रिस्ती नावं घेतली, ग्रेवाल अली अमीर झाले. एका मराठी घरातला मुलगा पेशावरच्या वाटेवर फिलिप बनून चालला होता. त्याच्या श्रद्धेला त्यानं धक्का लागला असं कोणी म्हणणार आहे का? माहितीपटात हे आलंच पाहिजे, आणि त्याचं स्पष्टीकरण न देता आलं पाहिजे.

12 ऑगस्ट 1972 च्या रात्री ते तिघे भिंतीतून बाहेर पडले, तेव्हा वावटळ आणि पाऊस सुरू झाला होता. पहारेकरी आडोशाला होते. चमत्काराच्या गोष्टीत हे वादळ फार कामाला येतं. देवानं वारा पाठवला, असं सहज म्हणता येतं. पण मग दुसऱ्या दिवशी लंडी कोतलच्या बाजारात काय झालं? त्यांनी लंडी खानाला कसं जायचं असं विचारलं. ते रेल्वे स्थानक 1932 सालीच बंद झालं होतं, आणि परक्या माणसाखेरीज हा प्रश्न कोणी विचारला नसता. तिथे संशय आला आणि ते धरले गेले. रात्रीचा वारा देवाचा आणि दिवसाचं दुर्दैव नकाशाचं, अशी वाटणी कोणत्या न्यायानं करायची? तिथल्या लोकांच्या हाती त्यांच्या जिवाला धोका होता. परुळकरांनी उस्मान हमीदचं नाव सांगितलं, फोन लागला, आणि त्याच्या शब्दामुळे त्यांना कोणी इजा केली नाही. त्या दिवशी तिघांचे प्राण एका पाकिस्तानी मुसलमान अधिकाऱ्याच्या शब्दावर वाचले. तरनजीत सिंग नामधारी यांनी या पलायनावर ‘द ग्रेट इंडियन एस्केप’ हा चित्रपट काढला आहे. पुढे कोणी माहितीपट काढला, तर या फोनला आरतीच्या तबकाखाली झाकू नये, एवढं माझं मागणं आहे.

तिघे घरी आले ते पलायनानं आले नाहीत. 1 डिसेंबर 1972 रोजी भारतीय युद्धकैदी वाघा सीमेवरून परत आले, दोन सरकारांच्या निर्णयानं. इथे माझ्या प्रतिवादाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

युद्ध थांबलं की युद्धकैद्यांना विनाविलंब सोडून मायदेशी पाठवायचं, हे तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या 118 व्या कलमानं बंधनकारक केलं आहे. सुटका ही कोणाची कृपा नाही, कैद्याचा तो हक्क आहे आणि पकडणाऱ्या सरकारचं ते कर्तव्य. ‘देवानं सोडवलं’ असं माहितीपटानं आपल्या आवाजात म्हटलं, की हे कर्तव्य नजरेआड होतं. ज्यानं सोडलं त्यालाही जाब नाही, ज्यानं सोडलं नाही त्यालाही नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या हाती सापडले, तेव्हा देशभर होमहवन झाले, वाहिन्यांनी ते दिवसभर दाखवले. माणसं घाबरली होती, त्यांनी प्रार्थना केली, त्यात वावगं काही नाही. पण त्याच दिवसांत पाकिस्तानी फौजेनं त्यांचं चित्रीकरण करून ते जगभर पसरवलं. युद्धकैद्याला लोकांच्या कुतूहलाचा विषय करू नये, असं कराराचं तेरावं कलम सांगतं. आपल्या किती वाहिन्यांनी या कलमावर होमहवनाइतका वेळ दिला?

आणि ज्यांना सोडलं नाही, त्यांचं काय? 1971 च्या युद्धात बेपत्ता झालेल्या आणि पाकिस्तानच्या तुरुंगात असल्याचा संशय असलेल्या चौपन्न भारतीय जवान-अधिकाऱ्यांची यादी आपल्याला ठाऊक आहे. पाकिस्ताननं ते आपल्याकडे असल्याचं नेहमी नाकारलं आहे. त्या यादीत फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे नाव आहे. 5 डिसेंबर 1971 ला त्यांचं विमान शोरकोटजवळ पडलं. त्या वेळच्या एका पाकिस्तानी वृत्तपत्रात पकडलेल्या वैमानिकांमध्ये त्यांच्यासारखं नाव छापून आलं होतं, आणि तेवढ्या आधारावर त्यांच्या पत्नी दमयंती तांबे लढत राहिल्या. त्या राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळवलेल्या खेळाडू. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. मंत्रालयांच्या पायऱ्या चढल्या, आणि 2007 मध्ये बेपत्तांच्या नातेवाइकांचं पथक पाकिस्तानच्या तुरुंगांत शोध घ्यायला गेलं, तेव्हा त्याही गेल्या. पथक रिकाम्या हातानं परतलं. मेजर अशोक सुरींच्या वडिलांना युद्धानंतर तीन वर्षांनी मुलाच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी मिळाली होती. ते मरेपर्यंत त्या चिठ्ठीमागे धावले.

‘श्रद्धा होती म्हणून परत आले’ हे वाक्य या घरांत बसून ऐका. त्याचा दुसरा अर्धा भाग कोणी उच्चारत नाही, पण तो त्या वाक्यात असतोच. जे परत आले नाहीत त्यांची श्रद्धा तोकडी पडली. त्यांच्या आईचा नवस खोटा ठरला. त्यांच्या बायकोच्या उपवासांत काही उणं राहिलं. युद्धात बेपत्ता झालेल्या जवानाच्या घरातल्या बायकांना हे असं खरोखर ऐकवलं जातं, शेजारपाजारच्या तोंडून, देवळाच्या ओट्यावर. तोच बोल एखाद्या माहितीपटानं संगीत देऊन, मोठ्या पडद्यावर, स्वातंत्र्यदिनी ऐकवावा, याला मी अन्याय म्हणते. चौपन्न घरांनी पन्नास वर्षांहून जास्त काळ जे सोसलं, त्याची किंमत देऊन कोणाची भक्ती सिद्ध करायची नसते.

शिवाय या तर्कानं दुसऱ्या बाजूला काय होतं ते बघा. 1971 च्या युद्धानंतर भारताच्या छावण्यांत सुमारे 93,000 पाकिस्तानी कैदी होते, त्यांत सैनिकांबरोबर नागरिकही होते. त्यांनीही नमाज पढली, रोजे ठेवले, त्यांच्याही आयांनी दर्ग्यांवर चादरी चढवल्या. ते सारे परत गेले. जुलै 1972 चा सिमला करार, मग ऑगस्ट 1973 चा दिल्ली करार, आणि एप्रिल 1974 पर्यंत जनरल नियाझींसकट शेवटच्या तुकड्या. सुटकेवरून श्रद्धेचं माप काढायचं ठरवलं, तर 93,000 विरुद्ध चौपन्न हे माप कोणाच्या पदरात पडतं? जो माणूस आपल्या धर्माच्या प्रेमानं हा तर्क मांडतो, त्यालाच त्याचं उत्तर सर्वांत जास्त बोचेल.

‘परदेशात दाखवतात’ या मुद्द्यावर लुई झँपेरिनीचं नाव नेहमी येतं. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये धावलेला हा अमेरिकी. मे 1943 मध्ये त्याचं बॉम्बर विमान पॅसिफिकमध्ये कोसळलं. सत्तेचाळीस दिवस तराफ्यावर काढून तो जपान्यांच्या हाती सापडला आणि 1945 पर्यंत छावण्यांमध्ये अमानुष मारहाण सोसत राहिला. 2014 मध्ये अँजेलिना जोलीनं त्याच्यावर ‘अनब्रोकन’ काढला, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती प्रेक्षकांनी तक्रार केली की त्याचं धर्मांतर गाळलं. 2018 मध्ये ते दाखवणारा दुसरा चित्रपट निघाला. बिली ग्रॅहॅम यांच्या संस्थेनं त्याच्यावर माहितीपटही काढला. इथवर उदाहरण बरोबर आहे. पण झँपेरिनीचं ते परिवर्तन कधी झालं? 1949 मध्ये, लॉस एंजेलिसच्या सभेत, सुटून चार वर्षं झाल्यावर. तोवर तो रात्री घाबरून उठायचा, दारू प्यायचा, एका पहारेकऱ्याला मारायला परत जपानला जायची स्वप्नं बघायचा. श्रद्धेनं त्याला छावणीतून सोडवलं नाही, छावणीनं त्याच्या आत जे पेरलं होतं त्यातून सोडवलं. 1950 मध्ये तो टोकियोच्या सुगामो तुरुंगात जाऊन आपल्या जुन्या पहारेकऱ्यांना भेटला. म्हणजे त्या तक्रारीतही ‘देवानं सुटका केली’ असा दावा मुख्य नव्हता. सुटल्यावर माणसाचं पुढे काय होतं, हे दाखवा, असा तो आग्रह होता. हे आपल्याकडे कोणी मागतं का? वाघा सीमेवरच्या हारांनंतर आपला कॅमेरा बंद होतो. घरी आलेल्या कैद्याच्या झोपेबद्दल, चिडीबद्दल, देवाशी त्यानं केलेल्या भांडणाबद्दल कोण विचारतं?

श्रद्धा मागणारे लोक एक गोष्ट विसरतात. कैदेत काही जणांची श्रद्धा जाते. शेजारच्या कोठडीतल्या माणसाचं ओरडणं रात्रभर ऐकून ज्याला प्रार्थना करणं अशक्य झालं, तोही युद्धकैदीच आहे, त्यानंही देशासाठीच सोसलं. मुलाखतकारानं ‘तिथे तुम्हाला देव आठवला का?’ असा प्रश्न टाकला, की समोरचा ऐंशीचा म्हातारा ‘हो’ म्हणणार. नाही म्हणायला त्याला धीर लागतो आणि घरचे समोर बसलेले असतात. त्यापेक्षा विचारावं, सण आले तेव्हा काय केलंत? कोणाकडे काय होतं पूजेला? कोण प्रार्थनेला येत नसे, आणि त्याला इतर काय म्हणत? पहारेकऱ्यानं कधी काही आणून दिलं का, कधी काही फोडलं का? घरी आईनं, बायकोनं काय काय केलं, ते तुम्हाला नंतर कळल्यावर काय वाटलं? या प्रश्नांना खरी उत्तरं येतात, कारण त्यांत ‘हो’ म्हणून सुटता येत नाही.

आता आमच्या शहराबद्दल, कारण हे माहितीपट कुठल्या तरी हवेत लागत नाहीत, आमच्या गल्ल्यांत लागतात. उत्तन-पाली-चौकच्या कोळीवाड्यांत चर्चच्या सणाच्या मिरवणुका निघतात, भाईंदरला जैन देरासरं आहेत, नया नगरमध्ये मशिदी आहेत, आणि कोकणातून, घाटावरून, गिरगाव-लालबागमधून आलेली मराठी घरं सगळीकडे आहेत. जानेवारी 2024 मध्ये धर्माच्या नावानं या शहरात काय तणाव झाला, तो आम्ही जवळून पाहिला आहे. 2018 च्या ऑगस्टमध्ये गुरेझला धारातीर्थी पडलेले मेजर कौस्तुभ राणे मीरा रोडचे. त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या गर्दीत कोण कुठल्या धर्माचं होतं हे कोणी मोजलं नाही. अशा शहरात पकडणाऱ्याचा धर्म म्हणजे क्रौर्य आणि पकडलेल्याचा धर्म म्हणजे तारणहार, असं पडद्यावर मांडायचं, तर ते कोणाला ऐकवायचं आहे, हे मागणी करणाऱ्यांनी सरळ सांगावं.

या भूमीला दुसरी परंपरा ठाऊक आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजांनी भाईंदरच्या टोकाचा धारावीचा किल्ला घेतला, मग खाडीपलीकडची वसई. वसईच्या पोर्तुगीजांनी मे महिन्यात शरणागतीच्या अटी मान्य केल्या. पोर्तुगीज सत्तेनं इथल्या हिंदूंच्या धर्मावर घातलेली बंधनं मराठ्यांच्या मनात ताजी होती. तरीही मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्माचरणाची मोकळीक देणारं कलम त्या अटींत होतं. हरलेल्याच्या श्रद्धेला जिंकणाऱ्यानं लेखी संरक्षण दिलं, जिनिव्हा कराराच्या 210 वर्षं आधी, आमच्या खाडीच्या काठी. श्रद्धेचा अभिमान बाळगायचा तर याचा बाळगावा. श्रद्धा हा कैद्याचा आणि पराभूताचा हक्क आहे, तो कोणी पाळला आणि कोणी मोडला, याची नोंद ठेवणं हे माहितीपटाचं काम आहे.

एका चर्चेत एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला विचारलं, तो कैदी स्वतः सांगतोय की देवानं वाचवलं, तर तुम्ही कोण त्याला खोटं पाडणार? हा त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा आहे. मी कोणालाच खोटं पाडत नाही. ज्यानं सोसलं त्याला आपल्या सोसण्याचा अर्थ लावायचा पूर्ण हक्क आहे. त्याचं वाक्य एका शब्दाचीही काटछाट न करता माहितीपटात राहू द्या. तो बोलताना डोळे भरले तर तेही राहू द्या. मात्र ते वाक्य त्याच्या तोंडी राहावं, निवेदकाच्या तोंडी जाऊ नये. शीर्षकात चढू नये, घंटेच्या आवाजानं त्यावर शिक्का मारू नये. आणि त्याच माहितीपटात, त्याच तासाभरात, चौपन्न नावं पडद्यावर यावीत. त्यांच्या घरातल्या कोणाला तरी विचारलं जावं की तुम्ही काय काय केलंत, कोणाकडे गेलात, कोणत्या सरकारनं काय उत्तर दिलं. तिथे कोणी आपल्या उपवासांबद्दल बोललं, तर तेही तितक्याच आदरानं ऐकवलं जावं, जितक्या आदरानं परतलेल्याची प्रार्थना ऐकवली गेली. आमच्या मंडळांनी येत्या ऑगस्टला पडदा लावण्याआधी निवडलेला माहितीपट एकदा या प्रश्नाशी ताडून पाहावा. विजय तांबेंच्या घरचं कोणी पहिल्या रांगेत बसलं असतं, तर त्यातलं कोणतं वाक्य ऐकवायला आपण धजलो नसतो? ते वाक्य ज्या माहितीपटात असेल, तो लावू नये.